भोकाच्या पैशाची नोंद

रविवार, रात्र

बेळगावजवळच्या खानापूर बाजूला जुनं घर उतरवायला घेतलं की कौलं खाली येणं आणि जेसीबी दारात येणं यात चार-पाच दिवस मिळतात. जमिनीतली नाणी शोधायचा मेटल डिटेक्टर फिरवायचा तो याच दिवसांत. एकदा माती उलथीपालथी झाली की कुठली वस्तू न्हाणीजवळची आणि कुठली चुलीखालची, हे कायमचं गेलं.

या भागात भोकाची नाणी दोन जातींची निघतात. पहिली जात टांकसाळीतूनच भोक पाडून आलेली. १९४३ ते १९४७ मधला एक पैसा, ब्राँझचा, व्यास साधारण २१ मिलिमीटर, वजन जेमतेम दोन ग्रॅम. युद्धात तांब्याची ओढ होती, म्हणून मधला धातूच काढून टाकला. चौसष्ट पैशांचा रुपया असायचा, तेव्हाचा हा पैसा. चलन बंद झाल्यावर लोकांनी त्याचे वायसरही केले. त्यामुळे बिजागरीच्या स्क्रूखाली किंवा जुन्या पंपाच्या बोल्टला अडकलेला पैसा निघाला तर नवल नाही.

दुसऱ्या जातीला माणसाने भोक पाडलेलं असतं, माळेत किंवा काळ्या दोऱ्यात ओवायला. यात बहुतेक चांदीचे रुपये आणि त्यांचे भाग.

एक तिसरा प्रकारही डोक्यात ठेवावा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात. या रेजिमेंटच्या पलटणी १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला लढल्या, पुढे मध्यपूर्व आणि इटलीतही होत्या. त्यामुळे पूर्व आफ्रिकेचे भोकाचे सेंट किंवा इंग्रजी-अरबी-हिब्रू अशा तीन लिप्यांतले पॅलेस्टाईनचे भोकाचे मिल या तालुक्यांत निघाले तर आधी घरात कोणी पलटणीत होतं का ते विचारावं. तीन लिप्या बघून 'मोगलाई नाणं' म्हणून हुरळून जाणारे भेटतातच.

आता मातीचं. खानापूरकडे जांभा. त्यात लोह इतकं की यंत्र नुसतं जमिनीवर धरलं तरी कुरकुरतं. वस्तू नसलेला तुकडा शोधून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, गुडघ्यापासून जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स घ्यायचा, म्हणजे यंत्राला त्या मातीची सवय लावायची, आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत. दर वीस-पंचवीस पावलांनी परत. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून ठेवली तर खोली वाढत नाही, फक्त गोंगाट वाढतो. दोन-तीन घरं खाली आणली की उलट बारीक नाणं स्वच्छ ऐकू येतं. जांभ्याचा एखादा भाजलेला खडा, विशेषतः चुलीच्या जागेचा, हुबेहूब नाण्यासारखा बोलतो. त्यावर उपाय म्हणजे कॉइल थोडी वर उचलणे. खड्याचा आवाज लगेच मरतो, नाण्याचा हळूहळू उतरतो.

गोकाक, अथणी, रायबागकडच्या रेगडीत, काळ्या मातीत, दुखणं वेगळं. उन्हाळ्यात भेगा पडतात, नाणं भेगेत घसरतं आणि उभं राहतं. उभ्या नाण्याची कड तेवढी कॉइलला दिसते, म्हणून आवाज दुबळा आणि तुटका. तिथं पावसाने उघडीप दिल्यावर, माती ओलसर असताना दोन आडव्या दिशांनी फिरावं. शेतात थ्री फेज करंट यायच्या वेळा टाळाव्यात, मोटारीचा स्टार्टर जवळ असेल तर यंत्र वेड्यासारखं करतं. मोबाईल खिशात ठेवूच नये.

भोकाचा सिग्नल हा खरा गमतीचा भाग. यंत्राच्या लहरींमुळे नाण्यात जी वीज फिरते ती मुख्यतः कडेकडेने गोल फिरते. म्हणून मधे भोक असलं तरी पैसा बोलतो, यंत्राच्या पडद्यावरचा आकडा अखंड पैशापेक्षा थोडा खाली येतो इतकंच. पण भोकापासून कडेपर्यंत चीर गेलेली असेल तर ते वर्तुळ तुटतं आणि आकडा एकदम पडतो, अगदी बाटलीच्या झाकणाच्या चांदीच्या कागदापर्यंत. फॉइल समजून सोडलेले कितीतरी पैसे चिरलेले असणार. उलट लोखंडी चपटा वायसर मोठ्या नाण्याचा उंच आवाज देऊन फसवतो. जागेभोवती चतकोर वर्तुळ फिरून दुसऱ्या बाजूने झाडावं. वायसरचा आकडा उड्या मारतो, पैशाचा बसून राहतो. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे, म्हणून एक भोकाचा पैसा विकत घेऊन ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरून आपल्या यंत्राचा आकडा वहीत लिहून ठेवलेला बरा.

खणताना खुरपं सिग्नलच्या मध्यावर घालायचं नाही. चार बोटं बाजूला तीन बाजूंनी काप देऊन मातीचा पोळा उलटायचा, मग पिनपॉइंटरने, म्हणजे हातातल्या छोट्या शोधकाने, शोधायचं. उंबऱ्याखाली आवाज आला तर घरधन्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. तिथला पैसा हरवलेला नसतो, ठेवलेला असतो.

नाणं हातात आलं की धुवायच्या आधी भोक बघायचं. पोगराने, म्हणजे भोक पाडायच्या लोखंडी हत्याराने, ठोकलेलं असेल तर एका अंगाला दबलेलं आणि दुसऱ्या अंगाला ओठासारखी कड उचललेली दिसते; गिरमिटाचं भोक दोन्हीकडे सारखं. राजाच्या डोक्यावर, कडेलगत भोक असेल तर मुखडा सरळ लटकावा असा हिशोब. आणि भोकाची वरची कड बोटाने चाचपावी: दोऱ्याने घासून पातळ आणि लांबट झाली असेल तर ते नाणं वर्षानुवर्षं अंगावर होतं. कडी झाळलेली असेल तर ती तुटल्यावरही डागाचा करडा ठिपका राहतो. चिंच आणि रांगोळीने घासलं की हे सगळं एका मिनिटात जातं.

म्हणून फक्त डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं, आठवडाभर. भोकातली माती बाभळीच्या काट्याने, ओली असतानाच. कोरडी माती ढकलली तर चिरलेलं नाणं दुभंगतं. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी सुटली तर तो आतून खाणारा रोग. ते नाणं वेगळं, कोरडं, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायचं. मऊ पीव्हीसी पाकिटं नकोत, त्यांनी नाण्याला हिरवा चिकट थर येतो.

सुटं नाणं वेगळं, गाडगं वेगळं. भांड्याचा काठ लागला की खुरपं खाली. कर्नाटकात १९६२ चा स्वतंत्र गुप्तधन कायदा आहे. जागेचा फोटो, आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी खबर. संरक्षित किल्ला-देवळांच्या आवारात तर यंत्र पिशवीबाहेरच काढू नये.

उद्या गोठ्याची बाजू. तिथं नालांचे खिळे फार, छोटी कॉइल लावावी लागेल.