नाणेघाटाचा उलटा धबधबा, घाटघरच्या बाजूने

श्रावणात जुन्नरजवळच्या नाणेघाटाला, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या जुन्या खिंडीला, जाऊन आलो. पुण्याहून तिकडे जाणाऱ्या बहुतेकांना एकच गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे दरीत पडायचं सोडून वर उडणारं पाणी. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. ते दिसलं आणि थक्क व्हायला झालं. पण दुपारी घाटमाथ्यावरच्या घाटघर गावात एका घरी पिठलं-भाकरी खाताना जे ऐकलं, ते मनात जास्त राहिलं.

आधी रस्त्याचं. नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून जुन्नर, मग आपटाळे, चावंड करत घाटघर. जुन्नरपर्यंत साधारण ९५ किलोमीटर, पुढे आणखी तीस-पस्तीस. हा पुढचा रस्ता अरुंद आहे, पावसात खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पेट्रोल जुन्नरलाच भरा, रोख पैसे जवळ ठेवा, कारण वर मोबाइलला रेंज नीट मिळत नाही आणि क्यूआर कोडच्या भरवशावर चहासुद्धा मिळेलच असं नाही. एसटीने जाणार असाल तर वाकडेवाडीहून जुन्नरची गाडी धरा आणि जुन्नर स्थानकात उतरल्या उतरल्या घाटघरच्या गाडीची जायची आणि यायचीही वेळ विचारून घ्या.

पाणी उलटं का उडतं ते अगदी सरळ आहे. पुणे जिल्हा इथे संपतो. पुढे एकदम कडा तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका पसरलेला दिसतो. समुद्रावरून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीच्या या भिंतीवर आदळतो आणि वर चढतो. खिंडीच्या तोंडाशी त्याचा जोर आणखी वाढतो. ओढ्याचं पाणी कड्यावरून पडायला लागलं की हा वारा त्याचे तुषार करून माथ्यावर परत फेकतो. म्हणजे वारा जोरात हवा आणि धुकं विरळ हवं. नुसता पाऊस असून भागत नाही. आम्हाला बराच वेळ पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसलं नाही. घाईने परत फिरलेल्या दोन गाड्यांतल्या लोकांना तर धबधबा दिसलाच नाही. थांबायची तयारी ठेवूनच जा.

जेवायला बसलो त्या घरातल्या बाबांना मी विचारलं, "बाबा, तुम्ही जाता का धबधबा बघायला?"

ते म्हणाले, "पाणी काय बघायचं? वारा म्हणा. तो आमच्याकडं रोजच येतो. कौलं उडाली की कळतं, आज लई जोर हाय."

या पट्ट्यात बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची. खाचरातला भात आणि रानातला हिरडा यांवर वर्ष काढायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या हिरड्याचं किती नुकसान झालं, त्यावर बाबा बराच वेळ बोलले. आपण ज्या वाऱ्याचे व्हिडिओ काढतो, त्याच्याशी त्यांचा संबंध असा आहे. आणि खिंडीकडे ते 'पॉइंट' म्हणून बघतच नाहीत. ती त्यांची कोकणात उतरायची वाट. खालच्या गावांत सोयरीक, पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा. जिल्ह्याची हद्द नकाशावर आहे, त्यांच्या पायांना ती कधी लागली नाही.

वाट म्हणून बघितलं की नाणेघाट खरा कळतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच खिंडीने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. खिंडीतून थोडं उतरलं की डोंगरात खोदलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा त्यात चिप्सची पाकिटं होती. आम्ही काढली. दोन हजार वर्षांच्या दगडात कचरा टाकायला हात धजावतोच कसा, याचा मला मनापासून राग आला.

गावकऱ्यांची तक्रार मात्र याहून साधी आहे. रस्त्याकडेला वाटेल तिथे गाडी लावली की एसटी अडकते. फोटोसाठी बांधावरून चालत गेलं की बांध खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि नुकती लावलेली रोपं वाया जातात. काचेच्या बाटल्या फुटतात त्या चिखलात, आणि चिखलात उतरायचं असतं ते अनवाणी पायांनी. पर्यटक नकोत असं कुणीही म्हणालं नाही. मक्याची कणसं, चहा, जेवण यातून पावसाळ्यात चार पैसे मिळतात, ते त्यांना हवेच आहेत. म्हणून शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, डबा नेण्याऐवजी गावात जेवा आणि जाताना खिंडीकडे निघण्याआधीच जेवण सांगून ठेवा, म्हणजे परत येईपर्यंत गरम भाकरी तयार असते.

कड्याच्या बाबतीत हयगय नको. वारा तोंडावर येतो म्हणून पुढे रेलून उभं राहणारी पोरं आम्ही पाहिली. वारा क्षणात पडतो, आणि पायाखालचा कातळ शेवाळलेला असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते विसरू नका. त्यानंतर पावसाळ्यात अशा ठिकाणांवर प्रशासनाचे बंदीआदेश निघतात, निघण्याआधी ते तपासा. छत्री इथे निरुपयोगी आहे, रेनकोट घ्या.

लेणीतला ब्राह्मी लेख नीट बघायचा असेल किंवा शेजारचा जीवधन किल्ला चढायचा असेल तर पावसाळा संपल्यावर या. मुरबाडच्या बाजूने वैशाखऱ्याहून पायी चढायलाही तोच काळ बरा. भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, दिवाळीच्या पुढे आलात, तर घरचा तांदूळ थेट गावातून विकत घेता येतो का ते विचारा. पिशवी मात्र पुण्याहून आणा.