फ्लॅट टॉप्समधील एल्क : गोळी झाडल्यानंतरची तयारी

कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) पहिल्या शिकारीची तयारी करताना मला मिळालेला जवळजवळ सगळा सल्ला बंदूक, दुर्बीण आणि कपडे यांविषयी होता. मारलेले जनावर डोंगरातून गाडीपर्यंत कसे आणायचे, याविषयी एकाच माणसाने सांगितले आणि त्याने सांगितलेले चुकीचे निघाले. इंटरनेटवरील चित्रफितींत गोळी झाडली जाते आणि पुढच्याच दृश्यात मांस शेगडीवर असते. आपल्या लोकांची अडचण याहून मोठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे घरातल्या कोणा वडीलधाऱ्याने शिकवण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे. पाठीवर पंचवीस किलो घेऊन दिवसभर डोंगर चढण्या-उतरण्याची सवय ज्यांना नाही, त्यांनी आधी वर्षभर तेवढेच करावे आणि मग परवान्याचा विचार करावा.

आम्ही दोघे ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल हंगामात (रायफलने शिकार करण्यास परवानगी असलेल्या मुदतींपैकी दुसऱ्या) फ्लॅट टॉप्स वनक्षेत्रात गेलो होतो. मीकर हे जवळचे गाव सुमारे १९०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच आहे. ट्रॅपर्स लेक २९०० मीटरच्या पुढे आणि वरचे पठार ३३०० मीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीत कितीही भटकंती केली असली, तरी या उंचीवर पहिले दोन दिवस दम लागतो आणि डोके दुखते. ते दिवस राखून ठेवावेत. कोलोरॅडोत एल्कची संख्या अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे आणि या भागातील कळप राज्यातील सर्वांत मोठ्या कळपांपैकी आहे. तरीही परवाना घेणाऱ्या पाचांपैकी चार जण साधारणपणे रिकाम्या हाताने परततात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

कागदपत्रांबाबत दोनच गोष्टी सांगतो. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्या वर्गांच्या जागा उन्हाळ्यातच भरतात. दुसरी गोष्ट आपल्याकडील अनेकांना ठाऊक नसते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक अपवाद आहे. म्हणून परवाना हाती येण्यापूर्वी मित्राची रायफल सरावासाठीसुद्धा उचलू नये आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही.

आता दुकानांविषयी. दुकानात आम्हाला महागडे, झाडीत मिसळून जाणारे (कॅमफ्लाज) कपडे आणि नराची साद काढणारा बिगुल घ्यायचा आग्रह झाला. दोन्ही निरुपयोगी आहेत. रायफल हंगामात कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच सलग, झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने घालावीच लागते, मग आतल्या जाकिटावर पाने छापलेली असोत वा नसोत. बिगुल सप्टेंबरमधील माजाच्या काळात उपयोगी पडतो. ऑक्टोबरअखेर थकलेले नर उत्तरेकडच्या दाट, अंधाऱ्या झाडीत चरण्याच्या जागेजवळ गप्प बसलेले असतात. ते पैसे वजन पेलणारी चौकट असलेल्या सॅकवर, कडक तळव्याच्या बुटांवर, गेटर्सवर (बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटऱ्यांवर चढवायच्या वेष्टनांवर), चालण्याच्या दोन काठ्यांवर आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रावर घालावेत. मांसासाठी हवा खेळती राहील अशा पाच-सहा पिशव्या, दोन सुऱ्या, तीस मीटर बारीक दोर आणि प्रत्येकी दोन हेडलॅम्प यांत काटकसर करू नये. रायफलच्या गोळीचे माप .३०८ असो वा .२७०, फरक पडत नाही. बसून आणि काठीच्या आधाराने दोनशे यार्डांवर थाळीएवढ्या जागेत प्रत्येक गोळी बसते की नाही, एवढेच पाहावे.

शोधाच्या दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. हवा छान होती आणि माग भरपूर होते. वारा सकाळी उतारावरून खाली वाहतो आणि ऊन चढले की वर वळतो, त्यामुळे सकाळी खालून वर जावे आणि नंतर वरून शोधावे, हे तत्त्व पाळल्याने आम्हाला जनावर दिसले. बहुतेक भागांत नराच्या एका बाजूच्या शिंगाला चार फाटे किंवा किमान पाच इंचांचा कपाळफाटा असल्याशिवाय तो मारता येत नाही. संधिप्रकाशात ते मोजायला चांगली दुर्बीण लागते. कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडू देतो, पण गाडीपासून तीन किलोमीटरपेक्षा दूर असाल, तर दुपारी तीननंतर गोळी झाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचा नर दिवस मावळता मावळता पडला. तो आनंद आजही तसाच आहे आणि त्याविषयी मी कधीही तक्रार करणार नाही. पण त्या क्षणापासून सगळे काम अंधारात झाले.

पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे असतो. त्याचे पोट न फाडता, एका कुशीचे कातडे सोलून, पुढचा आणि मागचा फरा सोडवायचा, कण्यालगतचे मांस काढायचे आणि मग जनावर उलटवून दुसऱ्या कुशीला तेच करायचे, ही पद्धत शिकून जावी. हाडासकट मागचा एकेक फरा तीस किलोंच्या आसपास भरतो. हाडे काढूनही सगळे मांस नव्वद-शंभर किलो होते, म्हणजे दोन माणसांना प्रत्येकी किमान दोन खेपा, त्याही शिंगे सोडून. चारही फरे, कण्यालगतचे आणि कण्याखालचे मांस बाहेर आणणे कायद्याने बंधनकारक आहे. शिंगे नेऊन मांस सोडून देणे हा कोलोरॅडोत गंभीर गुन्हा आहे. लिंगाचा (जनावर नर की मादी याचा) पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, त्यामुळे घाईत तो कापून टाकू नये. थंडी आहे म्हणून मांस टिकेल, हाही गैरसमज आहे. एल्कचे कातडे इतके उबदार असते की बर्फातसुद्धा मागच्या फऱ्यातील हाडाभोवतीचे मांस आतून आंबते. म्हणून कातडे ताबडतोब काढावे आणि फरे सावलीत, अवशेषांपासून शंभर पावले दूर, अस्वलाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर टांगावेत.

इथे आम्ही ज्या घळीतून मांस घेऊन उतरलो, तिच्याविषयी लिहिले पाहिजे. पायवाटेच्या सुरुवातीला तळ ठोकून बसलेल्या एका अनुभवी दिसणाऱ्या शिकाऱ्याने आम्हाला सांगितले होते की पठारावरून परतताना पाच किलोमीटरची वाट न घेता ओढ्याच्या घळीतून सरळ उतरा, निम्म्याहून कमी अंतर आहे. नकाशावर ते खरे दिसते, म्हणून आम्ही त्याचे ऐकले. पण त्या नकाशांवर समोच्च रेषा चाळीस फुटांच्या अंतराने काढलेल्या असतात, त्यामुळे दहा-बारा मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. आणि फ्लॅट टॉप्स हे लाव्हाच्या थरांचे पठार असल्याने असे कडे जागोजागी आहेत. दुसरे म्हणजे पडलेली झाडे. १९४० च्या दशकात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या किड्याने या भागातील जंगलच्या जंगल मारले आणि २००२ च्या बिग फिश आगीने ट्रॅपर्स लेकभोवतीचा मोठा पट्टा जाळला. मेलेली झाडे वर्षानुवर्षे एकमेकांवर आडवीतिडवी पडत राहतात. ओंडके मांडीएवढ्या उंचीवर, त्यांवर बोटभर ताजे बर्फ, खाली पाय घोट्यापासून अडकेल अशा फटी आणि पाठीवर तीस किलोंचा फरा, अशा स्थितीत प्रत्येक ओंडका ओलांडायला बसावे लागते, पाय फिरवावे लागतात आणि काठ्यांवर जोर देऊन पुन्हा उठावे लागते. मध्येच एक कडा लागला. तिथे सॅक दोराने खाली सोडाव्या लागल्या. ओढ्याच्या काठाने जावे तर शेवाळलेले दगड, वर जावे तर पुन्हा ओंडके. तळावर पोहोचेपर्यंत उजाडायला आले होते आणि माझ्या सोबत्याचा गुडघा सुजला होता. हाड मोडले नाही, हे केवळ नशीब.

म्हणून फ्लॅट टॉप्समध्ये वजन घेऊन घळीत कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून उतरू नये. घरी बसून उन्हाळ्यातील उपग्रहचित्र पूर्ण मोठे करून पाहावे; पडलेली झाडे सांडलेल्या काडेपेटीसारखी करड्या रेघांत दिसतात. तशा रेघा दिसल्या की तो मार्ग नकाशावर लाल करून टाकावा. जिथून पायवाट जवळ आहे, तिथेच शिकार करावी आणि पलीकडच्या दरीत कितीही मोठा नर दिसला तरी सोडून द्यावा. शहरातील जिन्यांवर सराव करताना चढण्यापेक्षा वजन घेऊन उतरण्यावर जास्त भर द्यावा, कारण मांड्या उतरतानाच दगा देतात.

उरलेल्या मांसासाठी आम्ही घोडेवाल्याला बोलावले, आणि तिथे लूट झाली. फोनवर एका एल्कचा एकच दर सांगितला गेला. मांस खाली आल्यावर मात्र प्रत्येक घोड्याचे वेगळे, माणसाचे वेगळे आणि शिंगांचे वेगळे असे करून जवळजवळ दुप्पट रक्कम मागितली. मांस त्याच्या ताब्यात असताना आम्ही काय बोलणार होतो? घोडे पायवाटेनेच गेले होते आणि दुपारच्या आत परतले होते, हे अधिकच झोंबले. हंगामाच्या महिनाभर आधी दोन-तीन जणांशी बोलून दर लेखी घ्यावा आणि त्यात घोडे, माणूस, शिंगे, अंतर सगळे धरले आहे का, ते विचारावे. राज्याच्या आउटफिटर (शिकाऱ्यांना घोडे, वाटाडे पुरवणारे व्यावसायिक) नोंदणी कार्यालयातील नोंदणी आणि त्या राष्ट्रीय वनात काम करण्याचा परवाना, दोन्ही मागावेत. जो टाळाटाळ करील त्याला सोडावे. चाकांची हातगाडी नेऊन पैसे वाचवण्याचा विचार करू नये. १९६४ च्या वनक्षेत्र कायद्यानुसार संरक्षित वनक्षेत्रात चाकाचे कोणतेही वाहन चालत नाही, आणि ही माहितीसुद्धा हातगाडी विकणारा दुकानदार देत नाही.

मांस खाली आल्यावर डोक्याचा नमुना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणवर्गीय जनावरांच्या मेंदूच्या प्राणघातक रोगाच्या तपासणीसाठी द्यावा. हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्स येथे, प्रथम आढळला. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, पण बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून निकाल येईपर्यंत मांस वेगळे ठेवावे आणि कोणालाही वाटू नये. खाटकाकडे जाणार असाल, तर दर टांगलेल्या वजनावर आहे की कापून तयार झालेल्या वजनावर, हे आधी ठरवावे आणि आपलेच मांस परत मिळेल याची खात्री करून घ्यावी. दुसऱ्या हंगामात त्यांची शीतगृहे भरलेली असतात. मीकर ते डेन्व्हर गाडीने चार तास लागतात, त्यामुळे दोन मोठ्या शीतपेट्या आणि बर्फ गाडीत आधीच ठेवावा, आणि वितळलेले पाणी मांसाला लागू नये म्हणून पेटीची तोटी उघडी ठेवूनच निघावे.