माडीच्या फळ्या आणि त्यातले खिळे

ठाण्याच्या चेंदणीतलं आमचं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा माडीचा सागवानी कडीपाट (कड्या म्हणजे आडव्या तुळया, आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या) मी भंगारात जाऊ दिला नाही. पाडकामवाले म्हणत होते, "ताई, दोन्ही टोकं वीतभर कापून टाका, खिळ्यांची कटकटच नको." पण मग मधल्या कड्यांवरचे खिळे राहतातच, आणि फळी मात्र कायमची आखूड होते. असा जुना, घट्ट रेषांचा साग आज बाजारात शोधून बघा! मी आमच्या सुतारकाकांना बोलावलं आणि त्यांच्या हाताखाली स्वतः बसले.

खाडीजवळची हवा खारी आणि दमट. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे खिळा लाकडात आवळून बसतो. तसाच ओढला तर डोकं तुटून हातात येतं. म्हणून काका ओढायच्या आधी त्याला एक हलका ठोका देतात. आतून 'कट्' असा बारीक आवाज येतो. ती गंजाची पकड सुटल्याची खूण.

आमच्याकडे दोन जातींचे खिळे निघाले. मूळचे चौकोनी अंगाचे, खाली निमुळते होत जाणारे, आणि नंतरच्या दुरुस्त्यांमधले तारेचे गोल. १९व्या शतकाच्या अखेरीस तारेचे खिळे स्वस्त झाले आणि चौकोनी मागे पडत गेले. काढताना हा फरक फार महत्त्वाचा. चौकोनी खिळा फळी उलटी करून टोकाकडून ठोकायचा. निमुळता असल्यामुळे जरासा हलला की सैल पडतो. तो पिळायचा मात्र नाही, कडा लाकूड फाडतात. गोल खिळा पकडीत धरून थोडा फिरवला तरी चालतो. आणि बारीक डोक्याचे जे असतात ते सरळ मागच्या बाजूने ओढून घ्यावेत, म्हणजे वरच्या अंगाला कपची उडत नाही. टोक वाकलेलं असेल तर आधी सरळ करा.

अंबुराखाली, म्हणजे खिळे उपटायच्या चिमट्याखाली, लाकडाचा तुकडा ठेवायला विसरू नका. त्याने जोर वाढतो आणि फळीवर खड्डा पडत नाही. एका चिवट खिळ्याला काकांनी सोल्डरिंग आयर्नचं (डाग द्यायच्या विजेच्या हत्याराचं) तापलेलं टोक लावलं, चांगला तापवला, मग पूर्ण थंड होऊ दिला. तापून फुगलेलं लोखंड निवताना आक्रसतं आणि जागा सोडतं. पाच मिनिटं हलत नव्हता तो अंबुरात अलगद आला! मला त्या कामाचं अजून कौतुक वाटतं. लाकडाच्या पातळीत तुटलेले खिळे पंचाने पलीकडे ठोकून काढले, आणि जिथे तेही जमलं नाही तिथे भोवती पोकळ बिटाने कोरून सागाचीच गुल्ली बसवली.

सगळं झाल्यावर प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवला. हे टाळू नका. आत राहिलेला एक तुकडा रंधा मशीनच्या पात्याला दाते पाडतो, आणि उडाला तर डोळ्यात जातो. चष्मा, जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, तिन्ही आधी.

भोकांभोवती निळसर काळं वर्तुळ राहतं. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की हा डाग पडतो. रंध्याने पूर्ण जात नाही, कारण तो रेषांमधून आत उतरलेला असतो. ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून लावलं की फिकट होतो, मग फळी स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवायची. नव्या घराच्या बैठकीत ज्या फळ्या बसवल्या त्यांच्यावरचे डाग मी तसेच ठेवले, मला ते देखणे वाटतात. फक्त स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या फळ्यांना आम्ल लावलं. ते विषारी आहे. लावताना हातमोजे घाला, आणि उरलेली पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.