'करमत नाही' नावाचं बटण

आज लातुरात आमच्या गाण्यांच्या अ‍ॅपचा कच्चा नमुना घेऊन फिरलो. मूड निवडायला ५ चेहरे काढले होते: आनंदी, उदास, चिंतित वगैरे. पुण्यात बसून लई भारी वाटले होते.

मावशीनं चष्मा वर सरकवला अन् म्हणाली, "अरे बाबा, मला काय होतंय हे कळलं असतं तर गाणं कशाला लावलं असतं?" तिला 'उदास' वाटतच नाही, तिला 'करमत नाही'. शेजारच्या 'नीट'ची (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या पोराचं 'डोकं भणभणतंय'. त्याला शब्द असलेलं गाणं नकोच, पाठांतरात घुसतं म्हणे. नुसती बासरी, संथ लय, मिनिटाला ६० च्या आसपास ठोके. अन् मधेच जाहिरात किंचाळली की सगळ्यावर पाणी!

मावशी रात्री यमन राग लावून झोपते, मोबाईल पहाटेपर्यंत वाजत राहतो. म्हणजे आवाज हळूहळू उतरवत बंद होणारा टायमर हवा. (तो आम्ही 'पुढच्या टप्प्यात' ढकलला होता. हुशार लोक!) शिवाय गाणी डाऊनलोड करता यायला हवीत, लाईट गेली की वायफायही जातं.

चेहरे काढून टाकले. आता तीनच बटणं: करमत नाही, डोकं भणभणतंय, झोप येत नाही. मावशीला चौथं हवंय, 'सून बोलत नाही'.