हेड स्टडची निवड: बूस्ट वाढवण्याआधीचा हिशोब

डिझेल इंजिनचा ब्लॉक रिकामा स्टँडवर आहे, हेड फेस होऊन (पृष्ठभाग सपाट करून) आलंय, एमएलएस (पोलादी थरांचं) गॅस्केट पाकिटातच आहे. टर्बो आणि इंजेक्टरचं काम मागेच उरकलं. आता प्रश्न एकच होता: हेड ब्लॉकला आवळायला मूळचे टॉर्क-टू-यील्ड (कायमचे ताणले जाईपर्यंत आवळायचे) बोल्ट नवे आणून घालायचे, जास्त ताकदीच्या १२.९ ग्रेडचे घालायचे की स्टडवर (ब्लॉकमध्ये उभा दांडा, वरून नट) जायचं? तो या टप्प्यात सुटला. कसा सुटला ते सविस्तर लिहितो, कारण "सगळ्यात तगडे घ्या आणि विसरून जा" हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही.

इंजिन चार सिलिंडरचं, बोअर ८५ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, हेडला दहा एम१२ बोल्ट. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, १.२ बारवरून २.० बारवर न्यायचाय.

सुरुवात बोल्टपासून करण्यात अर्थ नाही, ती सिलिंडरमधल्या दाबापासून करावी लागते. कॉम्प्रेशन रेशो १७ आणि घातांक १.३५ धरला, तर १.२ बार बूस्टवर, म्हणजे वातावरणाचा दाब धरून निरपेक्ष २.२ बारवर, डिझेल पडायच्या आतच दाब १०० बारच्या आसपास जातो. २.० बार बूस्टला तोच १३७ होतो. रेशो १६ वर आणला तर १२७. व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण कल कळतो. त्यावर ज्वलनाचा दाब चढतो, आणि तो किती चढेल हे बूस्टपेक्षा इंजेक्शन टायमिंग जास्त ठरवतं. बूस्ट तोच ठेवून टायमिंग पुढे ओढलं तरी हेड उचललं जाऊ शकतं. म्हणून नुसता बूस्टचा आकडा सांगून "कोणते बोल्ट घेऊ" असं विचारलं तर नेमकं उत्तर देता येत नाही. मी रेशो १६ करतोय, टायमिंग आवरतं ठेवणार आहे आणि कमाल दाब २०० बार धरून चाललोय. मूळ स्थितीसाठी १५० धरला.

गॅस्केटची फायर रिंग (सिलिंडरभोवतीची सील करणारी कडी) बोअरपेक्षा थोडी मोठी, ८७ मिमी धरली. २०० बारला हेड वर ढकलणारा जोर सुमारे ११९ किलोन्यूटन येतो, म्हणजे बारा टन. १५० बारला तो ८९ होता. आता समोरची बाजू. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट दिसतात, म्हणून चारांनी गुणायचा मोह होतो. पण मधले बोल्ट शेजारच्या सिलिंडरचं गॅस्केटही दाबत असतात. दहा बोल्ट, चार सिलिंडर: वाट्याला येतात अडीच. मूळ १०.९ ग्रेडचा बोल्ट यील्डपर्यंत (कायमचा ताणला जायला लागेपर्यंत) नेला की पिळाचा ताण वजा जाता साधारण ६५ किलोन्यूटन ओढ देतो. अडीच बोल्टांचे १६२. मूळ दाबाला हे प्रमाण १.८ पट पडतं. नव्या दाबाला तेच १.३७ वर उतरतं, आणि त्या उरलेल्या पकडीतूनच गॅस्केटच्या पाण्याच्या आणि ऑइलच्या कडाही दाबून ठेवायच्या आहेत. माझ्या मते हे फार कमी. १.६ च्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं, तर बोल्टमागे ७६ किलोन्यूटन लागतात. मी ८० धरले.

मटेरियलचा विषय इथून सुरू होतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ग्रेड वाढल्याने पोलाद जास्त ताठर होत नाही. ८.८ असो, १०.९ असो की त्याहून भारी काही, तेवढ्याच ओढीला लांबी वाढते ती जवळपास सारखीच. तगडा बोल्ट जुन्याच टॉर्कवर आणि त्याच वंगणावर आवळला तर पकड जुनीच मिळते. तगड्या मटेरियलचे पैसे जातात ते आणखी ओढण्याची मुभा मिळवण्यासाठी. ती मुभा वापरायची नसेल तर मूळचे नवे बोल्ट काय वाईट?

१२.९ चा विचार मी गंभीरपणे केला. एम१२ ला त्याचा प्रूफ लोड (कायमचा न ताणता पेलणारी ओढ) ८२ किलोन्यूटनच्या आसपास. ८० थंड इंजिनवर गाठले तरी ॲल्युमिनियमचं हेड पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिमी उंचीचं हेड ७० अंशांनी तापलं की फरक ०.०७ ते ०.०८ मिमीचा पडतो. त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग बोल्टला ओढतो असं धरलं तरी ८० चे ८८ होतात. १२.९ तिथे संपतो. बिडाच्या हेडला हा प्रश्न नसता.

स्टड बनवणाऱ्या एआरपी कंपनीच्या एआरपी २००० या मटेरियलची ताणशक्ती २,२०,००० पीएसआय, म्हणजे १,५०० मेगापास्कलच्या पुढे. ८० किलोन्यूटनला एम१२ च्या आट्यांत ९५० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, तेव्हा गरम झाल्यावरही भरपूर जागा उरते. एल१९ हे दुसरं मटेरियल त्याहून तगडं आहे, २,६०,००० पीएसआय, पण ओल त्याला चालत नाही. हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन ते तडकू शकतं, कायम तेलात ठेवावं लागतं. ज्या भोकांशेजारून कूलंट वाहतं तिथे मी ते घालणार नाही. कस्टम एज ६२५+ हा मिश्रधातू गंजत नाही आणि ताकदही तेवढीच, पण ती मुभा माझ्या हिशोबात वापरलीच जाणार नव्हती. ब्लॉकला भोकं मोठी करून एम१४ बसवायचं आधी डोक्यात होतं. फोर्डच्या ६.० पॉवर स्ट्रोकमध्ये सिलिंडरभोवती चार, १४ मिमीचे बोल्ट होते आणि पुढच्या ६.४ मध्ये ते १६ मिमीचे झाले. वाट बरोबर आहे, पण कारखान्यात त्यासाठी ब्लॉकच नवा ओतला जातो. माझ्या ब्लॉकमध्ये भोकाशेजारची भिंत कमी करून ताकद वाढवायची, हे गणित बसलं नाही.

बोल्ट की स्टड, यात फार वेळ गेला नाही. बोल्ट आवळताना ब्लॉकच्या आट्यांवर घासत फिरतो आणि स्वतः पिळला जातो. स्टड खाली शांत उभा राहतो, फिरतो तो नट, तोही बारीक आट्यांवर.

या टप्प्यातलं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे जिग. हेडच्या उंचीचा जाड पोलादी स्लीव्ह बनवला, स्टड आरपार घातला, दोन्ही टोकं मोकळी, म्हणजे मायक्रोमीटरने लांबी थेट मोजता येते. ८० किलोन्यूटनला स्टड ०.४६ मिमी लांबायला हवा असा हिशोब होता. स्टडबरोबर आलेलं वंगण लावून १२५ न्यूटन-मीटरला आवळलं: ०.४० मिमी. सोडून पुन्हा आवळलं, थोडं वाढलं. दोन-तीन वेळा आट्यांचे आणि वॉशरचे पृष्ठभाग एकमेकांवर बसले की आकडा ०.४५ ला येऊन थांबला आणि मग हलला नाही. तोच टॉर्क साध्या इंजिन ऑइलवर दिला तर ताण ०.३५ वर अडकला. म्हणजे ८० ऐवजी ६१ किलोन्यूटन, मूळ बोल्टपेक्षाही कमी! टॉर्कमधला जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला जातो, बाकी सगळा घर्षणात. इतका महागाचा स्टड चुकीच्या तेलामुळे फुकट जाऊ शकतो हे मायक्रोमीटरवर डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे आता प्रत्येक नट हेडवर चढण्याआधी जिगवरून जाणार.

पकड वाढली की ब्लॉकही वाकतो. होनिंगसाठी (बोअर घासून गोल करण्यासाठी) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, हेच स्टड, हेच गॅस्केट, हाच टॉर्क लावून बसवली. बोअर गेज फिरवला तर वरच्या २५ मिमीत स्टडच्या बाजूंना सुई ०.०१५ मिमी हलत होती, खाली बोअर गोल. प्लेट तशीच ठेवून होन केलं. स्टड आधी ठरवायची घाई होती ती याचसाठी. होनिंग मूळ बोल्टवर झालं असतं तर गोलाई नंतर बिघडली असती.

बसवताना: भोकांत टॅप नाही, चेसर (आटे नुसते साफ करणारं हत्यार) फिरवायचा, टॅप धातू कापतो. बंद भोकांतलं तेल हवेने पूर्ण उडवायचं, नाहीतर स्टड खाली जाताना तेच तेल ब्लॉकला तडा देतं. पाण्यात उघडणाऱ्या भोकांना सीलंट. स्टड हाताने टेकवायचा, पान्याने नाही. नट मधल्यापासून बाहेरच्याकडे आवळायचे, तीन टप्प्यांत.

आता पिस्टन आत जातील. हेड बसल्यावर कूलंटच्या लाइनवर प्रेशर गेज लावणार आहे. लोडखाली दाब तापमानाच्या पुढे पळायला लागला तर हेड उचलतंय हे धूर दिसायच्या कितीतरी आधी कळतं. पहिली धाव १.४ बारवर, मग ०.२ च्या टप्प्यांनी. बूस्ट आणि कूलंट, दोन्ही गेजचे आकडे पुढच्या नोंदीत देतो.