काळी सिटी, मऊ क्लिअरकोट: बॉनेट आणि डावी बाजू मशिनने पॉलिश करून झाली, त्याची नोंद

गाडी होंडा सिटी, रंग क्रिस्टल ब्लॅक पर्ल. रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने पुसली गेलेली, त्यामुळे उन्हात बॉनेटवर आणि डिकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे स्वर्ल, म्हणजे बारीक गोल चरे. दारांच्या हँडलमागच्या खोलगट भागात नखांचे चरे, छतावर बोअरच्या पाण्याचे गोल डाग. होंडाच्या काळ्या रंगावरचा क्लिअरकोट (वरचा पारदर्शक थर) मऊ असतो, हे या छंदातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मऊ रंगावरचे स्वर्ल निघतात पटकन, पण फिनिश (शेवटची स्वच्छ चकाकी) आणताना घाम फुटतो. म्हणून या गाडीवर सगळा विचार शेवटच्या पासपासून (पास म्हणजे एका भागावरून मशिनची फेरी) उलटा केला आहे.

रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजने बॉनेटवर १०२ ते १११ मायक्रॉन दाखवले, डाव्या मागच्या दारावर १९० च्या पुढे. म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. पत्र्यावर गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं: ई-कोट (पत्र्यावरचा गंजरोधक पहिला थर), प्रायमर, रंग आणि क्लिअर. कंपनीच्या रंगात क्लिअरचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. ऊन-पाऊस झेलायला तेवढाच थर असतो, तो पातळ झाला की पुढे काही वर्षांनी छतावर पापुद्रे सुटतात. त्यामुळे नखाला अडकतो तो चरा काढायचा नाही, फक्त त्याच्या कडा बोथट करायच्या.

तयारी नेहमीची: दोन बादल्यांनी धुणं, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव), डांबराचे ठिपके सॉल्व्हंटने, मग फाइन ग्रेडचा क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) भरपूर ल्युब्रिकंटसोबत. मऊ रंगावर मीडियम क्ले नकोच, तो स्वतःचे ओरखडे सोडतो.

टेस्ट स्पॉटसाठी बॉनेटवर ५० × ५० सेंमीचे चौकोन टेपने आखले. मशिन तेच, वेग तोच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मऊ फिनिशिंग फोमच्या पॅडवर मेग्वायर्स एम२०५ (बारीक पॉलिश): हलके स्वर्ल गेले, जाडे राहिले. मीडियम फोमवर तेच एम२०५: बरंच साफ. मीडियम फोमवर मेन्झर्ना २५०० (मध्यम पॉलिश): नखाला न लागणारं जवळजवळ सगळं गेलं. मायक्रोफायबर कटिंग पॅडवर हेवी कंपाउंड (जोरात कापणारं पॉलिश): दोन पासांत चरे गायब, पण वर करड्या धुक्याचा थर, आणि तो काढायला पुढे आणखी दोन टप्पे. शेवटचा पर्याय वेगवान वाटतो, पण धुकं काढण्यातला वेळ आणि क्लिअर धरलं तर तोट्याचाच. पहिल्या-दुसऱ्या चौकोनातला फरक पाहिला, तर निकाल बाटलीपेक्षा पॅडने जास्त बदलतो. पॉलिश पुरेसं कापत नाही असं वाटलं तर आधी पॅड एक पायरी कडक करून पाहावा.

मशिन १५ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे फिरताना पॅड जो झोक घेतो त्याचा व्यास) ड्युअल अ‍ॅक्शन (डीए: पॅड गोल फिरतो आणि झोकही घेतो), पॅड लावायची प्लेट १२५ मिमी. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढली आहे. रेघ फिरताना दिसली पाहिजे. मोठ्या थ्रोचं मशिन फेंडरच्या वळणावर नुसतं थरथरतं, पॅड फिरत नाही, आणि त्या जागी कट (चरे घासून काढणं) जवळजवळ शून्य होतो. तिथे दाब वाढवून उपयोग नाही, उलट पॅड आणखी अडकतो. डाव्या फेंडरच्या कमानीवर ७५ मिमी प्लेटचं छोटं मशिन घेतलं. ज्यांच्याकडे फोर्स्ड रोटेशनचं (पॅड गिअरने फिरवणारं) ८ मिमी मशिन आहे, त्यांना इथे ते सरस पडेल. रोटरी (नुसतं गोल फिरणारं मशिन) या गाडीवर बाजूला ठेवलं आहे: मऊ काळ्यावर रोटरीचे होलोग्राम (उन्हात चमकणारे पट्टे) शेवटी डीएनेच काढावे लागतात.

कटचा पास असा: नवा पॅड आधी पॉलिशने पूर्ण माखून घ्यायचा, नंतर दर भागाला वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात. वेग १ वर पसरवायचं, मग ४.५. हात सेकंदाला २ ते ३ सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर, दोनदा आडवं, दोनदा उभं. दाब ४ ते ५ किलो. घरच्या वजनकाट्यावर मशिन टेकवून हाताला अंदाज बसवता येतो. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ, दोन पॅनलनंतर पॅड बदल. ओला, भरलेला पॅड कापत नाही, आत गरम होऊन त्याचा वेल्क्रो सुटतो.

फिनिशला मऊ फोम, मेन्झर्ना ३८०० (शेवटचं बारीक पॉलिश), वेग ३ ते ३.५, दाब फक्त मशिनच्या वजनाचा. मेन्झर्नाचे कण काम करताना बारीक होत जातात, त्यामुळे पॉलिश अर्ध्यात पुसलं तर धुकं राहतं. थर जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत चालवायचं. एम२०५ चे कण तसे मोडत नाहीत. तिथे फिनिश वेळेने येत नाही, शेवटच्या पासांत दाब काढून घेतल्याने येते. दोन्ही बाटल्या एकाच सवयीने चालवल्या की एकीचा निकाल हमखास बिघडतो.

खरी परीक्षा पुसल्यावर. पॉलिशचं तेल बारीक चरे झाकतं, म्हणून पाण्यात १० ते १५ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून तपासायचं. याहून तीव्र नको: ताज्या पॉलिश केलेल्या मऊ क्लिअरवर फडकं अडकत ओढलं जातं. पुसल्यानंतर टॉर्च तिरकी धरून खुणांचा आकार पाहावा, कारण आकारावरूनच कारण कळतं. पुसण्याच्या दिशेत सरळ, लांब रेघा असतील तर दोष फडक्याचा. पॉलिश बदलू नका, काठ नसलेलं, जाड लवेचं, नवं धुतलेलं मायक्रोफायबर घ्या. स्वल्पविरामासारख्या आखूड, वाकड्या खुणा पॅडमध्ये अडकलेल्या वाळलेल्या कणांच्या असतात, पॅड बदला. सगळीकडे एकसारखा करडा पडदा असेल तर कटचा टप्पा जास्त कडक होता, किंवा फिनिशचा पास अपुरा. डाव्या पुढच्या दारावर पहिल्या जातीच्या रेघा दिसल्या आणि फडकं बदलताच गेल्या. तिथे मशिन पुन्हा फिरवलं असतं तर क्लिअर फुकट गेलं असतं.

उष्णता. इन्फ्रारेड थर्मामीटरने पॅनल ४५ अंशांच्या खाली ठेवायचा. गाडी चालवून आणली की बॉनेट इंजिनाने तापलेलं असतं, सावलीतही. गरम पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं, पावडर उडते, आणि तीच पावडर मऊ रंगावर चरे पाडते. अशा वेळी वरून आणखी पॉलिश घालू नये. पॅड साफ करून त्यावर पाण्याचा एकच हलका फवारा पुरतो.

रंगवलेलं दार वेगळं निघालं. गॅरेजचा क्लिअर कंपनीच्यापेक्षा कडक, वर रोटरीचे जुने होलोग्राम, संत्र्याच्या सालीचा पोतही जास्त. २५०० ने तिथे फारसं हललं नाही. मायक्रोफायबर पॅडवर मेन्झर्ना ४०० (जास्त कापणारं), मग बाकी गाडीसारखंच ३८००. मात्र १९० चा आकडा पाहून सैल हात सोडू नये. ती जाडी खालच्या प्रायमरची किंवा जुन्या रंगाची असू शकते, क्लिअर तिथेही पातळच असेल.

राहिलं आहे छत, उजवी बाजू आणि बंपर. बंपर प्लास्टिकचे, त्यावर हे गेज चालत नाही, आणि प्लास्टिक उष्णता धरून ठेवतं; तिथे फक्त मऊ फोम, वेग ३, आणि कडांना टेप. बी-पिलरवरची (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबावरची) काळी पट्टी स्टिकर असेल तर तिच्यावर मशिन नाही. छतावर आधी निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, डागावर एक मिनिट, मग भरपूर पाणी. खनिजांचा थर त्यात सुटतो. त्यानंतरही जे कडं दिसेल ते क्लिअरमध्ये कोरलं गेलेलं असतं. त्यावर २५०० चे आडवे-उभे पास एकदाच मारायचे, आणि राहिलं तर तसंच सोडायचं. सुरू करण्याआधी छताच्या कडेच्या रबर पट्ट्यांवर टेप लावायची आहे, कारण पॉलिशचा पांढरा डाग काळ्या रबरातून सहजी निघत नाही.