लाल पट्ट्याची भांडी

आमचे स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीतली माझी कार्यशाळा यांच्यामध्ये एकच दार आहे आणि त्या दारातून भांड्यांची ये-जा होत नाही, फक्त जा होते. भांडे पडवीत आले की मी त्याच्या काठाखाली ऑइलपेंटने बोटभर रुंदीचा लाल पट्टा ओढतो. त्यानंतर ते पुन्हा गॅसच्या ओट्यावर चढत नाही. हा नियम सौभाग्यवतींनी घालून दिलेला आहे आणि त्यावर वाद घालण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, कारण ज्या पातेल्यात रॉकेल, व्हार्निश किंवा शिसे असलेला डाख पडून गेला आहे, ते कितीही घासले तरी त्यात आमटी शिजवावी असे मलाही वाटत नाही. (कार्यशाळा हा शब्द तसा मोठाच आहे. एक बाक, एक व्हाइस, वडिलांचा रंधा, चार पटाश्या आणि कानशी एवढाच तिचा पसारा.)

मला गंमत वाटते ती भांडी बाद होण्याच्या कारणांची. स्वयंपाकघराला भांडे सर्वांगाने धड लागते. कान निखळला, झाकण नीट बसेना, बूड फुगून भांडे ओट्यावर डुगडुगू लागले की त्याची रवानगी माळ्यावर होते आणि तिथून दिवाळीच्या आवराआवरीत मोडीच्या भावाने भंगारवाल्याकडे. वास्तविक त्याच्या अंगी असलेला मूळ गुण, म्हणजे जाड बूड, रुंद तोंड किंवा दुहेरी भिंत, तसाच शाबूत असतो. पडवीत आम्हाला तेवढाच हवा असतो.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे आमचा दुधाचा कुकर. एके काळी घरोघर असलेले हे दुहेरी भिंतीचे भांडे आता फारसे दिसत नाही. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत भोकातून पाणी ओतायचे, त्या भोकावर शिट्टी बसवायची आणि आत दूध तापत ठेवायचे. पोकळीतले पाणी उकळले की शिट्टी वाजते आणि दूध उतू न जाता तापते. घरातली माणसे वाढली, त्यात दूध मावेना, म्हणून तो बाजूला पडला होता. मी तो सरस पातळ करण्यासाठी मागून घेतला.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला सुतारांचा जुना गोंद. आता पांढऱ्या डिंकाच्या बाटल्या मिळत असल्यामुळे त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. परंतु जुन्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याला त्याच्यासारखा सोबती नाही, कारण सरसाने जोडलेला सांधा ऊब आणि ओल दिली की पुन्हा सुटतो आणि लाकूड न फोडता पाय किंवा हात वेगळा करता येतो. त्याचे तुकडे रात्रभर गार पाण्यात भिजत घालावे लागतात. सकाळी ते फुगून लिबलिबीत झाले की ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ करायचे, पण उकळू मात्र द्यायचे नाहीत. उकळलेल्या सरसाची ताकद जाते. म्हणूनच पूर्वीचे सुतार सरसाचा डबा थेट विस्तवावर न ठेवता पाण्याच्या डब्यात बसवीत. दुधाच्या कुकरात ही सगळी सोय जन्मजातच आहे. शिट्टी फुरफुरू लागली की पोकळीतले पाणी उकळीला आले असे समजायचे आणि भांडे खाली उतरवायचे. तोवर सरस मधासारखा धारेने पडू लागलेला असतो आणि पोकळीतले गरम पाणी त्याला बराच वेळ निवू देत नाही. दुधाच्या वासाच्या जागी जो वास येतो त्याचे वर्णन जेवणाच्या वेळी करू नये, असा आमच्याकडे दुसरा नियम आहे.

त्याच कुकरात मी लाकडाला लावायचे मेणही वितळवतो, मात्र ते वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, आतल्या पाण्यात डबा उभा करून. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. ते वितळल्यावर गॅस पूर्ण बंद करून, भांडे उचलून दूर अंगणात नेऊनच त्यात टर्पेंटाइन मिसळावे, कारण टर्पेंटाइनची वाफ ज्योतीजवळ गेली तर पडवी राहणार नाही.

आता तवा. आमचा बिडाचा तवा सासूबाईंच्या काळातला. कोणीतरी तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले आणि काठापासून मध्यापर्यंत बारीक चीर गेली. पोळी त्या चिरेवर करपू लागली आणि तवा माझ्याकडे आला. मी त्यात चाळलेली बारीक वाळू भरून ठेवली आहे आणि ती तापवून तिच्यावर पोलादी स्क्रू निळे करतो. घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर हे काम पितळेच्या किसावर करतात. मला वाळू पुरते. स्क्रूचे डोके आधी आरशासारखे घासून घ्यायचे, तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही आणि मग वाळूत अर्धे रोवून बघत बसायचे. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग साधारण २२० अंशांच्या पुढे डोक्यावर गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा रंग चढतो, तो गडद होत तपकिरी होतो, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० च्या जवळ आला की एकदम मोरपिसाच्या डोळ्यातला निळा. त्याच क्षणी चिमट्याने उचलून तेलात टाकला तर ठीक. चार क्षण उशीर झाला की तो राखेसारखा करडा होतो आणि पुन्हा घासण्यापासून सुरुवात करावी लागते. हा रंग बाहेरून लावलेला नसतो. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढत जातो आणि त्याची जाडी बदलेल तसा त्यावरून परतणारा उजेड वेगळ्या रंगाचा दिसतो. हे कारण ठाऊक असूनही मी दर वेळी खुर्ची ओढून तव्यासमोर बसतो.

बाकीची भांडी सरळ कामाची आहेत. अप्पेपात्रात स्क्रू, चुका आणि वॉशर वेगवेगळे राहतात. पुरणाच्या चाळणीने भुसा चाळतो आणि त्याची सरसात लापशी करून लाकडातल्या फटी बुजवतो. माझ्या मुंजीत आत्याने दिलेले स्टीलचे पातेले, ज्यावर माझे नाव आणि तारीख यंत्राने कोरलेली आहे, त्यात गंजलेल्या बिजागऱ्या रॉकेलमध्ये पडून असतात आणि त्या झाऱ्याने काढायच्या असतात. नॉनस्टिक तव्यावर दोन भागांचा इपॉक्सी कालवतो. उरलेला थर वाळला की पापडासारखा सुटून येतो. हा तवा मात्र कधी तापवत नाही, कारण त्याच्या लेपाचा धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेण्याइतका विषारी असतो.

एकदा फजितीही झाली. जुन्या दाराच्या पितळी बिजागऱ्यांवर ऑइलपेंटचे सात-आठ थर बसले होते आणि ते कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सुटतात हे मी वाचले होते. हाताशी होते ते जर्मनचे मोठे पातेले, म्हणजे ज्याला आता सगळे ॲल्युमिनियम म्हणतात ते. सोडा टाकताच पातेले सोड्याच्या बाटलीसारखे फसफसू लागले, विस्तव न लावताच तापले आणि घशाला झोंबणारी वाफ पडवीभर झाली. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे एक पातळ कवच असते, कॉस्टिक सोडा ते विरघळवतो आणि मग उघड्या धातूशी झालेल्या क्रियेत हायड्रोजन निघतो, हे शाळेत शिकलेले सगळे मला त्या वेळी, जरा उशिरा, आठवले. आतून आवाज आला, "अहो, काय शिजवताय?" मी उत्तर न देता पातेले सांडशीने धरून अंगणात पळालो. बुडाला तोवर दोन भोके पडली होती. बिजागऱ्या मात्र स्वच्छ निघाल्या. तेव्हापासून कॉस्टिक सोडा फक्त स्टीलच्या भांड्यात.

या सगळ्यामुळे माझी नजर जरा बिघडली आहे, हे मान्य केले पाहिजे. भांड्यांच्या दुकानात नवी कढई घेताना मी तिच्या दुसऱ्या जन्माचा विचार करीत उभा असतो, आणि सध्याच्या प्रेशर कुकराच्या दांड्याला महिन्याभरापासून थोडा हेलकावा आलेला माझ्या लक्षात होता, पण मी बोललो नव्हतो. वेत वाफवून वाकवायला ते भांडे अगदी योग्य होते. शिट्टी काढून तोटीला रबरी नळी जोडली की झाले. परवा सौभाग्यवतींच्याही ते ध्यानात आले. त्यांनी कुकर माझ्यापुढे ठेवला आणि दांड्याचा स्क्रू बदलून द्यायला सांगितले. जुन्या स्क्रूचे आटे झिजले होते. त्या मापाचा स्क्रू अप्पेपात्रात एकच निघाला, तव्यावरच्या वाळूत भाजलेला. तो मी घट्ट आवळून दिला. संध्याकाळी वरण चढवताना त्यांनी दांड्याकडे निरखून पाहिले आणि हा निळा कुठून आला असे विचारले. मी व्हाइस पुसत होतो.